पार्सनचा शॅमेलियन कोल्हापुरात: एका लाजऱ्या, महाकाय सरड्याचे संगोपन आणि प्रजनन

पार्सनचा शॅमेलियन घरी आणल्यावर पहिले काही महिने तो पानांआड दडून राहिला आणि दिवसाकाठी त्याच्या शेपटीचे वेटोळे तेवढे दिसले, तर पाळणाऱ्याने निराश होऊ नये. या प्राण्याचे सारे आयुष्य न दिसण्यावर बेतलेले असते. आपण कोणाच्या नजरेस पडत नाही याची त्याला खात्री वाटली तरच तो खातो, पाणी पितो आणि पुढे कधी काळी अंडी घालतो. या लेखातील बहुतेक सूचना या एकाच गोष्टीशी येऊन थांबतात, आणि ज्यांना हातावर खेळवण्यासाठी प्राणी हवा आहे त्यांनी हा प्राणी घेऊ नये, असे मी सुरुवातीलाच आग्रहाने सांगतो.

हा मूळचा मादागास्करच्या पूर्वेकडील आणि उत्तरेकडील पर्जन्यवनांचा रहिवासी. जेम्स पार्सन्स या इंग्रज वैद्याने १७६८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १८२४ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी पार्सन्सच्या नावावरून त्याचे नामकरण केले. वजनाच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठ्या शॅमेलियनांमध्ये त्याची गणना होते. पूर्ण वाढलेला नर शेपटीसह साठ सेंटिमीटरच्या पुढे जातो. नराच्या नाकपुड्यांवर दोन बोथट, हाडांचे उंचवटे असतात, मादीला ते नसतात. पिल्ले तांबूस-नारिंगी असतात आणि वाढत्या वयात हिरवी, निळसर-हिरवी किंवा पिवळसर होतात. चांगल्या निगराणीत तो दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. म्हणून घेण्याचा विचार करताना पुढच्या दहा उन्हाळ्यांचा विचार करावा, कारण कोल्हापुरात त्याची खरी परीक्षा उन्हाळाच घेतो.

आधी कागदपत्रे

आपल्याकडे शेताच्या बांधावर, करंजाच्या किंवा बाभळीच्या फांदीवर दिसणारा सरडगुहिरा, म्हणजे भारतीय शॅमेलियन, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये संरक्षित आहे. त्याला पकडणे, पाळणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. तो विषारी असल्याचा समज आजही अनेक गावांत टिकून आहे आणि त्यापायी तो मारलाही जातो; वास्तविक कोणताही शॅमेलियन विषारी नसतो. तो दिसल्यास त्याला त्याच्या फांदीवर राहू द्यावे.

पार्सनचा शॅमेलियन परदेशी असला तरी कायद्याच्या कक्षेबाहेर नाही. धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या करारात, म्हणजे साइट्समध्ये, तो दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, अशा प्रजाती आपल्या अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत आल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची नोंदणी परिवेश या शासकीय संकेतस्थळावर करणे बंधनकारक झाले. प्राणी हस्तांतरित झाला, मेला किंवा त्याला पिल्ले झाली, तर त्याचीही नोंद करावी लागते. म्हणून प्राणी घेताना विक्रेत्याकडून आयातीचे किंवा बंदिस्त पैदाशीचे मूळ कागद मागावेत आणि ते हाती पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ‘कागद नंतर देतो’ असे सांगणाऱ्याकडून प्राणी घेणे म्हणजे मादागास्करच्या जंगलातून झालेल्या चोरीला हातभार लावणे होय. नैतिक प्रश्न बाजूला ठेवला तरी जंगलातून पकडलेला शॅमेलियन बहुधा जंतांनी आणि प्रवासाच्या ताणाने इतका पोखरलेला असतो की तो जगवणे अनुभवी माणसालाही अवघड जाते.

खोली निवडताना

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे आणि घाटमाथा जवळ असल्यामुळे येथील हवा सोलापूर-सांगलीपेक्षा सौम्य मानली जाते. तरीही एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ३७-३८ अंशांवर जाते, क्वचित चाळिशीही गाठते. पार्सनला दिवसा २४ ते २७ अंश आणि रात्री १५ ते १९ अंश मानवतात. तो फार तर २९ अंशांपर्यंत ऊन घेतो, आणि खोलीच ३० अंशांच्या वर राहिली तर तोंड उघडून धापा टाकू लागतो. म्हणून पत्र्याखालची किंवा सर्वांत वरच्या स्लॅबखालची खोली पूर्णपणे वर्ज्य समजावी. माझी पहिली चूक हीच होती: हवा खेळती असते म्हणून मी पिंजरा गच्चीवरच्या खोलीत ठेवला, आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात नराचा रंग सकाळपासूनच फिकट पडू लागला. जुन्या पेठांमधील जाड भिंतींच्या घरात तळमजल्यावरची, पूर्वेला खिडकी असलेली खोली उत्तम. नव्या इमारतीत राहणाऱ्यांनी मार्च ते जूनचा पहिला आठवडा वातानुकूलन यंत्र लावण्याची तयारी ठेवावी, आणि ती परवडणार नसेल तर हा प्राणी घेऊ नये. नुसता वाळ्याचा कूलर एप्रिलपर्यंत निभावून नेतो. मे महिन्यात वळवाच्या आधी हवा दमट झाली की त्याचा उपयोग उरत नाही.

खोलीबाबत आणखी एक गोष्ट कोल्हापूरकरांनी विशेष लक्षात घ्यावी. शॅमेलियनला बाहेरून दिसणारा कान नसतो, परंतु २०० ते ६०० हर्ट्झच्या पट्ट्यातील आवाज आणि फांदीतून येणारी कंपने त्याला जाणवतात. महाद्वार रोड किंवा पापाची तिकटी परिसरात, विसर्जन मिरवणुकीच्या मार्गावर घर असेल, तर ध्वनियंत्रणेच्या भिंतींनी खिडक्यांची तावदाने थरथरतात तेव्हा पिंजऱ्यातील फांदीही थरथरत असते. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशीच पिंजरा मागच्या खोलीत हलवावा, भिंतीपासून हातभर दूर ठेवावा आणि पायांखाली रबराचे जाड तुकडे सरकवावेत. ऐन मिरवणुकीत पिंजरा हलवणे अधिक त्रासाचे असते. दिवाळीच्या फटाक्यांच्या वेळीही हीच काळजी घ्यावी.

पावसाळ्यात डासांसाठी गल्लीत होणारी धूरफवारणी, घरातील डासांची अगरबत्ती, प्लगला लावायचे द्रव आणि झुरळांसाठी रेघ ओढण्याचा खडू यांतील औषधे सरपटणाऱ्या प्राण्यांना घातक असतात. ज्या खोलीत पिंजरा आहे तेथे यांपैकी काहीही वापरू नये, आणि धुराची गाडी गल्लीत शिरताच खिडक्या बंद करून घ्याव्यात. खिडकीला डासांची जाळी बसवणे हाच सुरक्षित मार्ग होय.

पिंजरा

एका प्रौढ प्राण्यासाठी किमान १२० सेंटिमीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद आणि १८० सेंटिमीटर उंच पिंजरा लागतो. त्याहून मोठा असल्यास उत्तमच. अॅल्युमिनियमच्या चौकटीला प्लास्टिकचा थर दिलेली बारीक जाळी लावून असा पिंजरा कोणताही चांगला फॅब्रिकेटर बनवून देतो. कोरी लोखंडी जाळी नखे आणि नाकपुड्यांना इजा करते, म्हणून ती टाळावी. तीन बाजू पातळ सनबोर्डने किंवा बांबूच्या चटईने झाकाव्यात, समोरची आणि वरची बाजू उघडी ठेवावी. पिंजरा टेबलावर किंवा चौथऱ्यावर अशा उंचीवर ठेवावा की प्राण्याची नेहमीची बसण्याची फांदी उभ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा वर येईल. वरून झेपावणारी घार आणि वरून वाकून पाहणारा माणूस यांत शॅमेलियनच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. खालून पाहिले गेले तर तो बराच निर्धास्त राहतो.

पायांची पकड मोठी असल्यामुळे त्याला अंगठ्याएवढ्या जाडीच्या आणि काही ठिकाणी मनगटाएवढ्या, आडव्या फांद्या लागतात. पेरूच्या फांद्या गुळगुळीत, चिवट आणि टिकाऊ असल्याने मी त्याच वापरतो. आंब्याच्या फांद्यांचा चीक पूर्ण वाळलेला असावा. फांद्या तारेने घट्ट बांधाव्यात, कारण एकदा फांदी त्याच्या वजनाने फिरली की त्या वाटेने तो पुन्हा जात नाही. झाडांमध्ये फायकस, शेफ्लेरा, जास्वंद आणि वर चढवलेला मनीप्लांट ही चांगली निवड आहे. रोपवाटिकेतून आणलेली रोपे आधी महिनाभर बाहेर ठेवून, पाने वारंवार धुऊन आणि वरची माती बदलून मगच आत न्यावीत. प्राण्याला पूर्ण लपता येईल एवढी दाट पाने पिंजऱ्याच्या निम्म्या भागात तरी असावीत. पाहुण्यांना प्राणी दिसत नाही म्हणून पाने छाटण्याचा मोह आवरावा.

पिंजऱ्याच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. घरोघरी दुधा-तुपाच्या भांड्यांसाठी वापरली जाणारी ही जुनी युक्ती मुंग्यांपासून पिल्लांचे आणि खाद्यकिड्यांचे रक्षण करते. उंदीर आणि घुशी रात्री जाळी कुरतडून झोपलेल्या प्राण्याला चावतात, म्हणून खोलीचे दार आणि मोरीचे तोंड बंद असल्याची खात्री रोज करावी.

प्रकाशासाठी टी-५ प्रकारची, सहा टक्के यूव्हीबी (उन्हातील अतिनील किरणांचा एक प्रकार) देणारी लांब नळी वरच्या जाळीवर ठेवावी आणि सर्वांत उंच फांदी तिच्यापासून सुमारे २५ सेंटिमीटर खाली असावी. जाळी यूव्हीबीचा जवळपास तिसरा हिस्सा अडवते, आणि खिडकीची काच तर जवळजवळ सगळाच. त्यामुळे काचेतून येणाऱ्या उन्हावर विसंबून राहू नये. यूव्हीबी मिळाला नाही तर कातडीत जीवनसत्त्व ड३ तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे मऊ पडतात. नळी दिसायला प्रखर असली तरी तिचा यूव्हीबी वर्षभरात घटतो, म्हणून खरेदीची तारीख नळीवरच लिहून ठेवावी आणि वर्षाने ती बदलावी. उबेसाठी कमी वॅटचा साधा दिवा सकाळी दोन-तीन तास पुरतो. मार्च ते मे त्याची गरजच पडत नाही. दिवे बारा तास चालू, बारा तास बंद असे टायमरवर लावावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान झाडांनी भरलेल्या जाळीच्या पेटीतून त्याला अंगणात कोवळे ऊन द्यावे, मात्र पेटीची अर्धी बाजू सदैव सावलीत असावी आणि जवळ कोणीतरी बसून राहावे. कावळे आणि मांजरे वाट पाहतच असतात.

पाणी आणि आर्द्रता

वाटीतले साचलेले पाणी शॅमेलियन सहसा ओळखत नाही. तो पानांवरचे थेंब पितो. पार्सन तर इतर शॅमेलियनांच्या तुलनेत पुष्कळ पाणी पितो आणि अंगावर पाण्याचा वर्षाव सुरू झाल्यावर बराच वेळ थांबून मगच प्यायला लागतो. दोन मिनिटांची फवारणी करून निघून जाणारे अनेक जण आपला प्राणी पाणीच पीत नाही असे समजतात. पहाटे दिवे लागण्यापूर्वी आणि संध्याकाळी दिवे मालवल्यावर प्रत्येकी १० ते १५ मिनिटे बारीक फवारा द्यावा, आणि दुपारी एक थेंबनळी तासभर चालू ठेवावी. मूत्राबरोबर पडणारा खडा पांढरा असेल तर पाणी पुरेसे मिळते आहे. तो पिवळा-केशरी झाला, डोळे खोल गेले, तर पाणी कमी पडते आहे.

बोअरच्या जड पाण्याने नोझल चोंदतात आणि पानांवर पांढरे डाग पडतात. नळाचे पाणी दिवसभर उघड्या भांड्यात ठेवून, गाळून वापरावे. जून ते सप्टेंबर स्वच्छ पन्हाळीवरून साठवलेले पावसाचे पाणी त्याहून चांगले. पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी मात्र सोडून द्यावे.

रात्री आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे, दिवसा ५० ते ७० टक्के, हे प्रमाण साधावे. रात्रीची आर्द्रता थंड हवेबरोबर हवी. गरम आणि दमट, वारा नसलेली खोली फुप्फुसांच्या संसर्गाला आमंत्रण देते, आणि कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत अशा झडीत, हाच धोका सर्वांत मोठा असतो. त्या महिन्यांत दिवसभरात पिंजरा किमान एकदा पूर्ण कोरडा झालाच पाहिजे. संध्याकाळची फवारणी निम्मी करावी, छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून संथ गतीने चालू ठेवावा, आणि पिंजऱ्याच्या तळाशी पाणी साठू देऊ नये.

अन्न

प्रौढ पार्सनची पचनक्रिया संथ असते. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी पाच-सात मोठे किडे एवढे त्याला पुरते. रोज खायला घालण्यात प्रेम दिसत असले तरी त्यात यकृताचे आणि सांध्यांचे नुकसान आहे. रातकिडे आणि डुबिया झुरळे हा नेहमीचा आहार असावा, त्यात काडीकिडे आणि रेशीम अळ्यांची जोड द्यावी. आपल्या भागात तुतीची लागवड करणारे शेतकरी आहेत. त्यांच्याकडून अळ्या आणताना त्या बॅचवर औषध किंवा निर्जंतुक पावडर मारली होती का, हे विचारूनच आणाव्यात. अळी मऊ, पाणीदार असते आणि आजारातून उठलेला प्राणीही ती आवडीने खातो.

शेतातून नाकतोडे पकडून आणण्याचा मोह येथे फार होतो. ऊस आणि सोयाबीनच्या पट्ट्यात कीटकनाशकांची फवारणी झाली नाही असे रान शोधणे कठीण असते, म्हणून शेतातील किडे देऊ नयेत. काजवे तर चुकूनही देऊ नयेत. परदेशातील काही काजव्यांमध्ये सरड्यांचा जीव घेणारे विष आढळले आहे आणि एकच काजवा खाऊन पाळीव सरडे दगावल्याच्या नोंदी आहेत. राधानगरी-दाजीपूरकडे मे-जूनमध्ये झाडे काजव्यांनी उजळतात, त्या दिवसांत शहराच्या कडेच्या घरांतही दिव्यावर एखादा काजवा येतो. खोलीच्या खिडकीची जाळी त्यासाठीही हवी.

किड्याच्या पोटात जे असते तेच शेवटी शॅमेलियनला मिळते. खाद्यकिड्यांना शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा आणि थोडे शाळूचे पीठ द्यावे. पालक टाळावा, कारण त्यातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. खाऊ घालताना किड्यांवर फॉस्फरसविरहित कॅल्शियमची अगदी पुसट भुकटी लावावी. ड३ आणि अ जीवनसत्त्व असलेली भुकटी महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. पार्सन जादा पूरकांना संवेदनशील असतो, आणि गळ्याखाली पाण्यासारखी सूज दिसली तर आधी या भुकट्या थांबवून पशुवैद्याला दाखवावे.

ताण ओळखणे

दिवसा डोळे मिटलेले असणे हे शॅमेलियनच्या बाबतीत नेहमीच गंभीर लक्षण आहे; दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मान वर करून तोंड उघडे ठेवणे, तोंडाच्या कडेला बुडबुडे, एका बाजूला कललेली पकड, सतत काळपट रंग, पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, ही लक्षणेही तशीच. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आजार होण्यापूर्वीच शोधून ठेवावा, आणि तो पुण्याला किंवा मुंबईला असेल तर कोणत्या पेटीतून, किती वाजता निघायचे हे ठरवून ठेवावे. नवा प्राणी आल्यावर दोन ते तीन महिने त्याला इतर सरड्यांपासून वेगळे ठेवून विष्ठेची तपासणी दोनदा करून घ्यावी. आठवड्यातून एकदा वजन करावे. फांदीसकट काट्यावर ठेवून नंतर फांदीचे वजन वजा केले की त्याला हात लावावाच लागत नाही. उचलणे अटळ असेल तेव्हा वरून पकडू नये. छातीखाली फांदी किंवा हात धरून तो स्वतः चढेपर्यंत थांबावे. दोन नर एकमेकांच्या नजरेस पडू देऊ नयेत, आणि पिंजऱ्यासमोर आरसा किंवा काचेचे कपाट असू नये.

जोडी लावणे

मादी किमान तीन-चार वर्षांची, अंगाने भरलेली आणि वर्षभर आजारमुक्त असल्याशिवाय जोडी लावू नये. मादागास्करात या प्राण्यांचा थंडीचा काळ साधारण मे ते ऑगस्ट असतो. त्या काळात ते कमी हलतात, कमी खातात आणि वसंतात बाहेर पडून जोडी जमवतात. आपल्याकडे ऋतू उलटे असल्याने हा विराम कधी द्यायचा हा प्रश्न येतो. माझे मत असे की कोल्हापुरात तो नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत द्यावा. त्या दिवसांत रात्रीचे तापमान आपोआप १४-१५ अंशांवर येते. प्रकाश दहा तासांवर आणावा, खाणे आठवड्यातून एकदा, पाणी मात्र नेहमीसारखे. फेब्रुवारीत प्रकाश, पाणी आणि खाणे पुन्हा वाढवले की त्या महिन्याच्या शेवटी किंवा मार्चमध्ये जोडी लावता येते, आणि गर्भावस्था तीन ते पाच महिने धरली तर अंडी जून-ऑगस्टच्या थंड, ओलसर दिवसांत येतात. अडचण एवढीच की पोटुशी मादी एप्रिल-मे सोसते; म्हणून तिच्या खोलीतील थंडावा या काळात एक दिवसही चुकता कामा नये.

मादीला नराच्या पिंजऱ्यात सोडावे आणि दाराआडून, स्वतः न दिसता, लक्ष ठेवावे. ती शांतपणे चालत राहिली तर नर डोके हलवत जवळ येतो. ती काळी पडली, फुगली, तोंड उघडून डोलू लागली, तर लगेच वेगळी करावी आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा प्रयत्न करावा. मीलन झाल्यावर दोन-तीन दिवसांनी तिला तिच्या पिंजऱ्यात परत न्यावे.

अंडी घालण्यासाठी मादीला खोल माती लागते: निदान ४० ते ४५ सेंटिमीटर खोलीचा टब, त्यात बोगदा न ढासळता उभा राहील इतपत ओली माती. आपली काळी माती येथे कामाची नाही. ओली असता ती नखांना चिकटते आणि वाळली की भेगाळते. गगनबावडा किंवा आंबा घाटाकडची तांबडी माती, धुतलेली वाळू आणि थोडे कोकोपीट यांचे मिश्रण उत्तम जमते. माती मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये. मीलनानंतर दोन महिन्यांनी टब कायमचा आत ठेवावा. मादी खाणे सोडून तळाशी फिरू लागली की पिंजऱ्याची चौथी बाजूही कापडाने झाकावी आणि कॅमेऱ्याशिवाय तिच्याकडे पाहू नये. खोदताना तिला माणूस दिसला तर ती काम सोडून देते, आणि असे दोन-तीनदा झाले तर अंडी पोटात अडकू शकतात. खोदणे दोन-तीन दिवस चालू शकते. ती अस्वस्थ आहे, डोळे मिटते आहे, पण अंडी येत नाहीत असे दिसल्यास तातडीने पशुवैद्याकडे न्यावे. अंडी घातल्यावर तिला भरपूर पाणी आणि पंधरा दिवस वाढीव आहार द्यावा, आणि पुढचे वर्षभर तिची जोडी लावू नये.

अंडी

एका खेपेला वीस ते पन्नास अंडी येतात. माती बोटांनी हलकेच बाजूला करावी आणि प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने ठिपका करून ते त्याच स्थितीत उचलावे. ओलसर वर्मिक्युलाइटने, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या कणांनी, भरलेल्या झाकणाच्या डब्यात, अर्धे रुतेल असे, एकमेकांपासून दोन बोटांच्या अंतरावर ठेवावे. डब्याचे वजन झाकणावर लिहून ठेवले की नंतर किती पाणी उडाले ते कळते आणि तेवढेच कडेने घालता येते.

यापुढे जे सोसावे लागते त्याला संयम हा एकच शब्द आहे. पार्सनची अंडी फुटायला साधारण एक ते दोन वर्षे लागतात. जंगलात ती एक किंवा दोन थंड ऋतू मातीत काढतात आणि थंडीनंतरच्या उबेने भ्रूणाची वाढ वेग घेते, म्हणून एकाच तापमानात ठेवलेली अंडी बहुधा नीट पुढे सरकत नाहीत. पहिले काही महिने २२ ते २४ अंश, मग दोन-अडीच महिने १६ ते १८ अंश, आणि त्यानंतर हळूहळू पुन्हा २३-२४ अंश, असा क्रम पाळणाऱ्यांना उपयोगी पडला आहे. कोल्हापुरात हिवाळ्याच्या रात्री पुरेशा थंड असल्या तरी दुपार २८ अंशांवर जाते, आणि मे महिन्यात तर खोलीत ठेवलेली अंडी शिजल्यातच जमा. माझी पहिली खेप अशीच गेली: एका दुपारी वीज गेली, मी परगावी होतो, आणि रात्री परतलो तेव्हा डब्यातील हवा हातालाही गरम लागत होती. तेव्हापासून अंडी मी थंड आणि उष्ण दोन्ही करू शकणाऱ्या छोट्या कपाटात ठेवतो, त्याला स्वतंत्र इन्व्हर्टर जोडतो, आणि आत सर्वोच्च-सर्वनिम्न नोंद ठेवणारा तापमापक ठेवतो. दर आठवड्याला झाकण मिनिटभर उघडून हवा बदलावी. बुरशी धरलेले, पिवळे पडून बसलेले अंडे काढून टाकावे, पण नुसती लहानशी खळी पडली म्हणून अंडे फेकू नये. पाणी शोषून चांगली अंडी हळूहळू फुगतात. फुटण्यापूर्वी काही दिवस त्यांवर घामासारखे थेंब दिसतात.

पिल्ले

पिल्लू अंड्याला चीर पाडून नाक बाहेर काढते आणि कधी कधी दिवसभर तसेच बसून राहते. त्या वेळी ते उरलेला बलक पोटात घेत असते. त्याला ओढून बाहेर काढणे म्हणजे त्याचा जीव घेणे. बाहेर आलेल्या पिल्लांना दाट, बारीक पानांच्या छोट्या जाळीच्या पिंजऱ्यांत, शक्यतो एकेकट्याने किंवा फार तर तीन-चारच्या गटात ठेवावे. तापमान २२ ते २५ अंश, फवारा अगदी धुक्यासारखा, दिवसातून तीन-चार वेळा. पहिल्या आठवड्यात न उडणाऱ्या फळमाश्या आणि टाचणीच्या डोक्याएवढे रातकिडे लागतात. फळमाश्यांची पैदास घरीच होते: जास्त पिकलेले केळे, ओट्सचे पीठ, चिमूटभर यीस्ट आणि रसायनाशिवाय बनवलेल्या काळसर गुळाचा पाक. पांढराशुभ्र गूळ त्यासाठी घेऊ नये. अंडी फुटण्याच्या महिनाभर आधीच अशा बाटल्या लावायला सुरुवात करावी, कारण एका खेपेच्या सगळ्या पिल्लांना पुरतील एवढ्या माश्या एका आठवड्यात तयार होत नाहीत.

गटात राहणाऱ्या पिल्लांपैकी जे सतत खालच्या फांदीवर, गडद रंगात दिसेल ते लगेच वेगळे करावे. ते आजारी असेलच असे नाही, भावंडांच्या नजरेखाली ते खाणे टाळत असते. वेगळे केल्यावर बहुतेक पिल्ले दोन-तीन दिवसांत रंग आणि भूक दोन्ही परत मिळवतात. नरांच्या नाकावरील उंचवटे दिसायला वर्ष-दीड वर्ष जाते, त्यामुळे त्याआधी ‘खात्रीची जोडी’ म्हणून पिल्ले देऊ नयेत. जन्माची नोंद परिवेशवर मुदतीत करावी, आणि किमान सहा महिने वाढवल्यावर, घेणाऱ्याची खोली मे महिन्याच्या एखाद्या दुपारी स्वतः पाहून, मगच हस्तांतराची नोंद करून पिल्लू त्याच्या हाती द्यावे.